चाबहारमार्गे माल: विमा आणि पैशांचं कसं जमतं?

मदत हवी आहे. कॉलेजात मुलांना इराणमधल्या चाबहार बंदराबद्दल शिकवायचं आहे. वाट कळली: पाकिस्तान अफगाणिस्तानला जाणाऱ्या आपल्या मालाला जमिनीवरून जाऊ देत नाही, म्हणून कांडल्याहून जहाज चाबहारला, पुढे ट्रकने अफगाण सीमेवरचं झरंज, तिथून देलारामपर्यंतचा रस्ता भारतानेच बांधलेला. 2017 मध्ये गहू याच वाटेने अफगाणिस्तानात गेला. मे 2024 मध्ये चाबहारचं शहीद बेहेश्ती टर्मिनल भारताने चालवण्याचा 10 वर्षांचा करारही झाला.

अडतंय ते पुढे. इराणवरच्या अमेरिकी निर्बंधांची टांगती तलवार असताना जहाजाचा विमा कोण उतरवतं? बँका एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) उघडतात का, की पैसे आधीच घ्यावे लागतात? कुणी क्लिअरिंग एजंट, बँकवाले, निर्यातदार असाल तर प्रत्यक्षात कसं चालतं ते कृपया सांगा. बातम्यांत सह्यांचे फोटोच जास्त दिसतात, आणि मुलं नेमकं हेच विचारणार.