शब्दचर्चा : 'अल्टिमेट पिट लिमिट'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका :
उघड्या खाणींच्या नियोजनावरच्या मजकुराचं भाषांतर चालू आहे. अल्टिमेट पिट लिमिट (खाण जिथवर नेणं परवडतं ती कड), स्ट्रिपिंग रेशो (खनिजाच्या मानाने किती दगड काढावा लागतो), कट-ऑफ ग्रेड, ओव्हरबर्डन (खनिजावरची माती-दगड) आणि 'इकॉनॉमिक' हे शब्द अडले आहेत. सध्याचं वाक्य असं : "खाणीची अंतिम आर्थिक मर्यादा सरासरी अधिभार गुणोत्तरावरून ठरते." हे चालेल का?

खडकफोड :
नाही. भाषा अडखळते आहेच, शिवाय विधानही चुकीचं आहे. ते नंतर बघू, आधी 'अधिभार' काढा. मराठीत अधिभार म्हणजे मूळ आकारावर चढवलेली जादा रक्कम. खर्चाचा हिशोब चाललेल्या परिच्छेदात 'अधिभार काढणे' वाचलं की वाचक कर शोधायला लागेल. ओव्हरबर्डनला खाणीवर सगळे 'ओबी' म्हणतात. लेखात 'वरचं आवरण' म्हणा, नाहीतर सरळ 'ओव्हरबर्डन' ठेवा.

पण ओबी म्हणजे फक्त थराच्या डोक्यावरचा भाग. दोन कोळसाथरांच्या मधला खडक वेगळा. धातूच्या खाणीत खनिजाला खेटून असलेला किंवा त्यात घुसलेला दगडही वेगळा, त्याला 'वेस्ट' म्हणतात. गुणोत्तरात हे सगळंच धरावं लागतं, म्हणून स्ट्रिपिंग रेशोला 'टाकाऊ-खनिज गुणोत्तर' म्हणा. टाकाऊ आधी, खनिज नंतर. हा क्रम उलटला की 4 चं 0.25 होतं आणि वाचकाला पत्ताही लागत नाही.

आता मर्यादा, सीमा, हद्द. तिन्ही शब्द आपल्याकडे आहेत, तर तिघांना वेगळं काम द्यावं. हद्द कागदावर आखलेली असते : भाडेपट्ट्याची हद्द, जंगलाची हद्द. तांब्याचा भाव वाढला म्हणून ती सरकत नाही. मर्यादा म्हणजे आड येणारी अट : प्लांटची (खनिजावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याची) क्षमता, पाणी उपसण्याची ताकद. आणि भाव, खर्च, उतार बदलले की जी हलते ती सीमा. तुम्हाला हवी आहे ती 'खाणीची अंतिम सीमा'.

अनुवादिका :
पण हलणाऱ्या गोष्टीला 'अंतिम' कसं म्हणायचं?

खडकफोड :
त्या दिवशीच्या आकड्यांना धरून अंतिम. वेळापत्रकाचा शेवट या अर्थी नाही, 'याच्या पलीकडे उकरलं तर पदरचे पैसे जातील' या अर्थी. भाव धरल्याची तारीख सोबत लिहिली नसेल तर अंतिम सीमेचा नकाशा निरुपयोगी.

शब्दवेल्हाळ :
'इकॉनॉमिक'ला 'आर्थिक' फार ढिला वाटतो. आर्थिक मदतही असते आणि आर्थिक गुन्हाही. इथे खरं क्रियापद 'परवडणे' आहे : परवडेल तिथवर खणायचं. दुर्दैवाने त्याचं नाम करायला जावं तर 'परवड' हाती येते, आणि ती म्हणजे हालअपेष्टा. म्हणून विशेषण 'किफायतशीर' घ्या आणि वाक्यात जमेल तिथे परवडणे वापरा.

तीनपायऱ्या :
किफायतशीरला माझंही मत. पण या चर्चेत सगळ्यात कामाचा शब्द अजून आलाच नाही : सीमांत. अर्थशास्त्रातली सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, त्यातला सीमांत. खाणीची सीमा सीमांत हिशोबाने ठरते, सरासरीने नाही. मूळ वाक्यातली चूक ती हीच.

आकड्यांनी दाखवतो. चलन कुठलंही धरा, मी नुसतं 'एकक' म्हणतो. तांब्याचं खनिज, प्रत 0.5 टक्के, म्हणजे टनात 5 किलो तांबं. प्लांटमधून 86 टक्के हाती लागतं, म्हणजे 4.3 किलो. शुद्धीकरण आणि विक्रीचा खर्च वजा जाता किलोला 7 एकक मिळतात. टनामागे मिळकत 30.1. प्रक्रिया आणि कार्यालयीन खर्च 12, खनिज खणून आणायला 2.1. उरले 16. एक टन टाकाऊ खडक काढून ढिगाऱ्यावर नेऊन टाकायला 2 एकक लागतात. 16 भागिले 2, म्हणजे 8. एक टन खनिजासाठी 8 टन दगड काढला तर ना नफा ना तोटा.

आता तिरका जाणारा खनिजपट्टा घ्या आणि खाण कापाकापाने रुंद करत चला. प्रत्येक कापात 10 लाख टन खनिज आहे. पहिल्या कापाचं गुणोत्तर 2, मग 4, 6, 8, 10, 12, 14. नफा टनामागे 12, 8, 4, 0 आणि पुढे तोटा 4, 8, 12. चौथ्या कापाला थांबलं तर एकूण नफा 240 लाख एकक, आणि तिथवरचं सरासरी गुणोत्तर 5. 'सरासरी 8 पर्यंत परवडतं' असं समजून कोणी पुढे गेला तर तो सातव्या कापापर्यंत जाईल, कारण सातांची सरासरी नेमकी 8 येते. तिथे एकूण नफा शून्य. पहिल्या तीन कापांनी कमावलेलं शेवटच्या तिघांनी खाल्लं, आणि ताळेबंदात तोटा मात्र कुठेच दिसत नाही.

म्हणून दोन वेगळी नावं ठेवा : 'सरासरी गुणोत्तर' संपूर्ण खाणीचं, 'सीमांत गुणोत्तर' शेवटच्या कापाचं. ना-नफा-ना-तोटा गुणोत्तराशी तुलना फक्त दुसऱ्याची करायची.

ओबीकर :
एकक लिहायला विसरू नका. कोळशात हे गुणोत्तर बहुधा घनमीटर प्रति टन असतं, धातूच्या खाणीत टन प्रति टन. आवरणाची घनता 2.4 धरली तर कोळशाकडचा 5 म्हणजे टनांच्या हिशोबात 12. दोन तक्ते शेजारी ठेवून नुसते आकडे ताडले की घोळ ठरलेलाच. शिवाय घनमीटर जागच्या खडकाचे की फोडल्यावर फुगलेल्या मालाचे, तेही सांगा. डंपरच्या फेऱ्या मोजून काढलेला आकडा फुगलेल्या मालाचा असतो, खडक त्याहून कमीच निघालेला असतो.

शब्दवेल्हाळ :
कट-ऑफ ग्रेडला 'किमान प्रत' म्हटलं तर?

तीनपायऱ्या :
'प्रत' बरोबर. 'किमान'ने फसगत होते, कारण साठ्यात सापडलेली सगळ्यात कमी प्रत असा अर्थ निघतो. मी 'उंबरठा प्रत' लिहीन : या उंबरठ्याच्या आत खनिज, बाहेर दगड. मात्र उंबरठे दोन आहेत.

वरचेच आकडे घ्या. टनात एक किलो तांबं असेल तर मिळकत 6.02 एकक, म्हणजे 7 गुणिले 0.86. खणणं, प्रक्रिया, कार्यालय मिळून 14.1 खर्च भरून काढायला 2.34 किलो लागतं, म्हणजे प्रत 0.23 टक्के. हा खाणीचा उंबरठा. पण माल खाणीच्या काठावर आलाच असेल तर खणण्याचे पैसे गेलेलेच आहेत. तिथे प्रश्न एवढाच की डंपर प्लांटकडे वळवायचा की ढिगाऱ्याकडे. तेव्हा फक्त 12 भरून निघायला हवेत : 1.99 किलो, म्हणजे साधारण 0.2 टक्के.

मधला 0.22 टक्क्यांचा ठोकळा बघा. मिळकत 13.24. प्लांटला पाठवला तर 0.86 चा तोटा, ढिगाऱ्यावर टाकला तर 2 चा. या ठोकळ्यासाठी कोणी खाण रुंद करणार नाही, पण चांगल्या खनिजाच्या वाटेत आला तर तो प्लांटलाच जातो. सीमा काढताना त्याची किंमत उणे 0.86 धरायची, उणे 2 नाही. इथे चुकलं की सीमा आक्रसते.

खडकफोड :
'उंबरठा प्रत' छान आहे, पण कंसात का होईना 'कट-ऑफ' एकदा द्याच. खाणीवर दुसरा शब्द कोणाच्या तोंडात नाही.

अनुवादिका :
'ठोकळा' म्हणजे ब्लॉक मॉडेलमधला (हिशोबासाठी साठ्याचे पाडलेले ठोकळे, त्यातला) ब्लॉक ना? पुढच्या प्रकरणात सीमा काढायच्या दोन पद्धती, 'फ्लोटिंग कोन' आणि 'लर्च्स-ग्रॉसमन', आहेत. 'तरंगता शंकू' बरं वाटतं का?

तीनपायऱ्या :
ब्लॉक ठेवा, ठोकळा ठेवा, दोन्ही चालतील. 'फिरता शंकू' जास्त कळतो. एका खनिज ब्लॉकवर टोक टेकवलेला उलटा शंकू कल्पा, बाजू खाणीच्या उताराच्या. शंकूतल्या सगळ्या ब्लॉकची बेरीज धन आली तर तेवढं खणायचं, नाहीतर पुढच्या ब्लॉकवर सरकायचं. कल्पना सोपी, हाताने करता येण्यासारखी, आणि म्हणूनच बरीच वर्षं टिकली.

पण ती फसते. दुसऱ्या थरात शेजारी-शेजारी दोन खनिज ब्लॉक, प्रत्येकाची किंमत 2.5. उतार 45 अंशांचा, म्हणून प्रत्येकासाठी वरच्या थरातले तीन टाकाऊ ब्लॉक काढावे लागतात, प्रत्येकी उणे 1. एकेकटा शंकू : 2.5 वजा 3, उणे 0.5, नाकारला. दोन्ही नाकारले, खाणच नाही. पण दोघांचे वरचे ब्लॉक सामाईक आहेत, एकूण चारच. 5 वजा 4, अधिक 1. दोघांनी मिळून खर्च वाटून घेतला तर परवडतं, आणि फिरत्या शंकूला वाटणी येत नाही. याच्या उलटही होतं. खोलवरचा तोट्याचा ब्लॉक वरच्या श्रीमंत ब्लॉकला आपल्या शंकूत ओढतो आणि त्याच्या जिवावर पास होतो, मग खाण गरजेपेक्षा खोल जाते.

लर्च्स आणि ग्रॉसमन यांनी 1965 मध्ये ही वाटणी नेमकी करणारी पद्धत दिली. आलेखाच्या भाषेत : प्रत्येक ब्लॉकपासून 'हा काढायचा तर ते आधी काढा' असे बाण, आणि असा संच शोधायचा ज्यातून एकही बाण बाहेर जात नाही आणि बेरीज सर्वाधिक येते. पिकार यांनी 1976 मध्ये दाखवलं की हा प्रश्न जाळ्यातल्या महत्तम प्रवाहाच्या प्रश्नात बदलता येतो. आजची बरीच सॉफ्टवेअर त्या वाटेने जातात, सूडोफ्लो म्हणतात ती पद्धत त्यातलीच. 'इष्टतम सीमा' हा शब्द या उत्तरासाठी राखून ठेवा. फिरत्या शंकूने काढलेल्या सीमेला इष्टतम म्हणू नका.

खडकफोड :
'इष्टतम' म्हणजे दिलेल्या आकड्यांपुरतं इष्टतम, हेही लिहा. सगळ्यात जास्त घोटाळा उताराच्या कोनात होतो, आणि तो शब्दामुळेच होतो. 'स्लोप अँगल'ला सगळीकडे 'उताराचा कोन' लिहिलंत तर तीन वेगळे कोन एकाच नावाखाली जातील.

बेंचचा कोन : एका पायरीची भिंत, समजा 15 मीटर उंच, 70 अंश. पायऱ्यांमध्ये 8 मीटरची मोकळी पट्टी, बर्म. पायरीमागे आडवं अंतर 5.46 अधिक 8, म्हणजे 13.46 मीटर. यातून येणारा कोन 48 अंश, तो 'रस्त्यांमधला कोन'. आता 300 मीटर खोलीत त्याच भिंतीवरून हॉल रोड (डंपरचा रस्ता) दोनदा जातो, प्रत्येक 30 मीटर रुंद. आडवं अंतर 269 चं 329 होतं आणि वरपासून तळापर्यंतचा 'एकूण कोन' 42 अंशांवर येतो.

सीमा काढताना 48 टाकला आणि रस्ते नंतर आखले तर काय होतं? रस्ते 100 आणि 200 मीटर खोलीवर धरा. पहिला आपल्या वरची 100 मीटर भिंत 30 मीटर मागे ढकलतो, दुसरा 200 मीटर भिंत. भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे 3,000 अधिक 6,000, म्हणजे 9,000 घनमीटर जादा दगड. घनता 2.7 धरली तर 24,300 टन, आणि टनाला 2 एकक म्हणजे 48,600 एकक, दर मीटरला. मागे ढकलायची नसेल तर तळाचं खनिज सोडायचं, आणि बहुधा तिथलंच चांगलं असतं. म्हणून आधी कच्चा आराखडा, त्यातून एकूण कोन, मग पुन्हा हिशोब. दोन-तीन फेऱ्या होतातच. रस्ता कुठल्या भिंतीवर आहे त्यानुसार प्रत्येक बाजूचा कोनही वेगळा येतो.

शब्दवेल्हाळ :
भूमिगत खाणीचा पर्याय असेल तर?

खडकफोड :
मग सीमा वर सरकते. एरवी सीमेबाहेर राहिलेल्या ब्लॉकची किंमत शून्य धरतो. तो खालून बोगद्याने काढता येत असेल तर त्यातून सुटणारा नफा शून्याच्या जागी येतो, आणि उघड्या खाणीला त्याहून जास्त देऊन दाखवावं लागतं.

तीनपायऱ्या :
वेळेचं काय? लर्च्स-ग्रॉसमनला वेळ माहीत नाही. दगड आज काढायचा आणि त्याखालचं खनिज काही वर्षांनी मिळणार, तरी दोन्ही रकमा सारख्याच मोजल्या जातात. व्याज धरलं की शेवटचे काप पडतात, कारण त्यांचा खर्च आधी येतो आणि मिळकत उशिरा. म्हणून भावाला 0.4, 0.5 असं करत 1 पर्यंत गुणक लावून एकात एक बसणाऱ्या सीमा काढतात. ही रीत 1980 च्या दशकात व्हिटल सॉफ्टवेअरमुळे रुळली. मग प्रत्येकीचं वेळापत्रक करून आजच्या मूल्यात सर्वात जास्त देणारी निवडतात. ती बहुतेक वेळा गुणक 1 च्या आतली असते. 'नेस्टेड पिट्स'ला 'एकात एक सीमा' पुरे, त्याला संस्कृत शोधू नका.

अनुवादिका :
सुधारलेलं वाक्य : "खाणीची किफायतशीर अंतिम सीमा म्हणजे जिथे शेवटच्या कापाचं टाकाऊ-खनिज गुणोत्तर ना-नफा-ना-तोटा गुणोत्तराएवढं होतं, ती जागा. उदाहरणार्थ, उंबरठा प्रत 0.23 टक्के असताना हे गुणोत्तर 8 येतं."

तीनपायऱ्या :
पहिलं वाक्य ठेवा. दुसऱ्यात गफलत आहे. 8 हा 0.5 टक्के प्रतीच्या खनिजाचा आकडा आहे. 0.23 प्रतीच्या टनातून सगळे खर्च जाऊन काहीच उरत नाही, त्याचं गुणोत्तर शून्य. 0.4 टक्के असेल तर 24.08 वजा 14.1, म्हणजे 9.98, भागिले 2 : जवळपास 5. म्हणून लिहा : "0.5 टक्के प्रतीच्या खनिजासाठी हे गुणोत्तर 8 टन प्रति टन येतं."