प्रति: डाळ परवडत नाही, मग काय शिजवायचं?

वर कुणीतरी लिहिलंय की तूरडाळ महागल्यापासून घरात नुसता भात-बटाटा चाललाय. भात कमी झाला तरी चालेल, पण मुलांच्या ताटातून कडधान्य जाऊ देऊ नका.

आमटी तुरीचीच हवी असा हट्ट सोडला की बरंच सुटतं. कुळीथ घ्या. कोकणात पिठी, देशावर हुलग्याचं माडगं, धान्य एकच. शंभर ग्रॅममध्ये साधारण २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तुरीच्याच तोडीचं. आधी भाजायचं, भरडून साल पाखडायची आणि मग दळून आणायचं. डबा महिनाभर पुरतो. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून लसूण-मिरचीच्या फोडणीत ओतलं की दहा मिनिटांत चौघांचं कालवण होतं, आणि कुकर लावायला नको म्हणून गॅसही वाचतो (सिलिंडरचा हिशोब कुणी धरतच नाही!). वर कोकम टाका. मटकीला मोड आणले तर वाटीभर मटकीची दुप्पट उसळ दिसते.

भाजी बाजार उठताना घ्यावी, वाटे स्वस्त लागतात. मुळ्याचा पाला तर कधी कधी फुकट देतात. त्याला थोडं बेसन पेरलं की झालं. किनाऱ्याकडे असाल तर जवळा आहेच, मूठभर पुरतो.

आणि रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर माणशी महिना ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. लाजेखातर ते सोडणारी माणसं पाहिली आहेत. आधार जोडणी राहिली असेल तर या आठवड्यातच करून घ्या.