अ‍ॅक्रिलिकच्या टाकीचे सांधे कशाने जोडावेत?

प्रश्न: १०० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद आणि तितकीच उंच माशांची टाकी अ‍ॅक्रिलिकची (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची) घरी करावयाची आहे. काचेच्या टाकीप्रमाणे सांधे जोडायला सिलिकॉन (रबरासारखा चिकट पदार्थ) चालेल का?

उत्तर १: सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला घट्ट धरत नाही, त्यावर भिस्त ठेवू नये. डायक्लोरोमिथेन असलेले द्रावण सुईच्या बाटलीने फटीच्या कडेला सोडले की ते आपोआप आत ओढले जाते, पृष्ठभाग विरघळवते आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. मात्र कडा अगदी सपाट हव्यात, कारण सांध्यातला प्रत्येक बुडबुडा ही कच्ची जागा असते. वाफ घातक असल्याने हे काम मोकळ्या हवेतच करावे.

उत्तर २: सहमत. सुमारे २०० लिटर पाण्याने भिंती बाहेर फुगतात, म्हणून १२ मिमी जाडी आणि वरच्या कडेला आडव्या पट्ट्या घ्याव्यात.