मदत हवी आहे: हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, डेटा कसा काढू?

मंडळी, बाबांच्या पीसीतली १ टीबीची डिस्क चाललीय, स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढतच चाललेत आणि विंडोज फोल्डर उघडतानाच हँग होतं. दुकानवाला म्हणे चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल) मारा, पण ते दुरुस्त करताना डिस्कवर लिहितं, आणि मरत्या डिस्कवर आणखी लिहायचं कशाला? म्हणून लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कची जमेल तेवढी कॉपी, म्हणजे इमेज, काढणारं टूल) लावलंय, मॅपफाइल (काय वाचून झालं, काय राहिलं याची नोंद) ठेवून, बराचसा भाग पटापट निघाला पण आता स्पीड केबीवर आलाय आणि मधूनच टकटक आवाज येतो. आता रिव्हर्स मोडने (शेवटाकडून उलटं) वाचत राहू की इथेच थांबून निघालेल्या इमेजवर टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन नि फाइली परत मिळवणारं टूल) चालवू? फोटोरेक (फाइली नुसत्या आतल्या डेटावरून ओळखून काढणारं टूल) नको, त्यात फाइलींची मूळ नावं जातात आणि बाबांनी सगळे स्कॅन नावं देऊन ठेवलेत. शिवाय डिस्क यूएसबी डॉकवर (यूएसबीने डिस्क जोडायच्या स्टँडवर) आहे, थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली तर फरक पडेल का?