गावात उतरणीवर चाळीसेक प्लॉटचं लेआउट येतंय, टीसीपी (नगर नियोजन खातं) नेमकं काय तपासतं आणि आपण कुठे बोलायचं?

व्हाळाकाठ:
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं गाव. वर सड्याच्या (डोंगरावरच्या पठाराच्या) उतरणीवर आजोबांच्या काळापासून काजूच आहेत, तिथे मध्यंतरी सर्व्हेवाले येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले. चौकशी केली तर कळलं प्लॉटिंग होणार, चाळीसेक प्लॉट, मधून रस्ता, कोपऱ्यात गार्डन दाखवलंय म्हणे. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) वारसांनी जमीन बाहेरच्या पार्टीला दिली, तो त्यांचा हक्क, त्यावर माझं काही म्हणणं नाही. काळजी पाण्याची आहे. त्या उतरणीवरचं सगळं पाणी एकाच व्हाळाने (ओढ्याने) खाली येतं आणि आमच्या वाड्याच्या रस्त्याखाली त्याला एकच सिमेंटचा पाईप, त्याच्या तोंडाशी दरवर्षी काजूची पानं आणि माती साचते, जुलैत पाणी पाईपातून न जाता सरळ रस्त्यावरून जातं आणि खालच्या शेतांत घुसतं. हे आत्ता, वर एक चिरासुद्धा बसलेला नसताना. उद्या तिथे डांबर, काँक्रीट आणि छपरं आली की काय होईल ते सांगायला नको.
पंचांना विचारलं तर म्हणतात आमच्याकडे अजून काही आलेलं नाही, आलं की बघू. फाईल आधी टीसीपीकडे जाते असं ऐकलंय. तर जाणकारांनी सांगा, अशी फाईल आल्यावर ते लोक बघतात काय? गावाला बोलावून विचारतात का? आणि आपण नेमकं कधी आणि कुठे बोलायचं?

फोंड्याचा ड्राफ्ट्समन:
मी वर्षानुवर्षं लेआउटचे नकाशे काढतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.
सगळ्यात आधी, तुमचा भाग पीडीएत (शहरी भागांचं नियोजन बघणाऱ्या प्राधिकरणात) येत नसणार. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को असे जे प्लॅनिंग एरिया जाहीर झालेत तिथे पीडीए बघतं आणि ओडीपी (त्या भागाचा विकास आराखडा) लागू असतो, बाकी गावांना नगर नियोजन खात्याचं तालुका ऑफिस आणि प्रादेशिक आराखडा. नगर नियोजन कायदा दोन्हीकडे १९७४ चाच, आणि रस्ते किती रुंद, प्लॉट किती मोठा, ओपन स्पेस किती, हे सगळं २०१० च्या बांधकाम नियमावलीत आहे.
आता फाईलमध्ये काय बघतात. पहिलं म्हणजे झोन, आराखड्यात ती जागा कशासाठी ठेवलीय ते. तुम्ही म्हणता तिथे काजू होते, मग आराखड्यात ती जागा सेटलमेंट (वस्ती) दाखवलीय की ऑर्चर्ड (बागायत) हे आजच्या आज बघा. प्रादेशिक आराखडा २०२१ चे पंचायतवार नकाशे खात्याच्या साईटवर आहेत, सर्व्हे नंबर घेऊन बसा, नाहीतर अर्ज करून झोनिंग सर्टिफिकेट घ्या. ऑर्चर्ड निघालं तर प्लॉटिंगच्या आधी त्यांना झोन बदलून घ्यावा लागणार आणि ती वेगळी लढाई. त्याच १९७४ च्या कायद्याच्या कलम १७(२) खाली आराखड्यातली 'चूक दुरुस्ती' म्हणून झोन बदलायचे, त्याचे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. ३९अ हे कलम २०२४ मध्ये आलं, त्यात बदलाआधी नोटीस काढून लोकांकडून ३० दिवसांत सूचना मागवतात. या नोटिसा गावात कोणी वाचत नाही आणि मग म्हणतात आम्हाला कोणी सांगितलंच नाही.
झोन बरोबर असेल तर मालकीचे कागद, फॉर्म १ व १४ (आपल्याकडचा सातबारा), सर्व्हे प्लॅन, कुळाचं किंवा मुंडकाराचं (मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) नाव आहे का ते. कुळ कायद्याने मिळालेली जमीन असेल तर १९९१ च्या कायद्याने ती शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, तिथे झोन कुठलाही असो. मग ॲक्सेस, म्हणजे मुख्य रस्त्यापासून त्या जागेपर्यंत नियमात बसेल एवढा रुंद रस्ता खरोखर आहे का. पुष्कळ फाईली इथेच अडकतात, कारण कागदावर रस्ता असतो आणि जागेवर दोन कुंपणांमधून जेमतेम रिक्षा जाते.
आणि तुमच्या कामाचं म्हणजे कंटूर प्लॅन, सारख्या उंचीच्या जागा रेघांनी जोडून दाखवणारा नकाशा. उतरणीची जागा असली की तो लावावाच लागतो. त्यावरच्या रेघा जिथे एकमेकींना चिकटून येतात तिथे चढ उभा. डोंगर कापायचा किंवा सखल जागा भरायची तर १७अ खाली वेगळी परवानगी लागते आणि आराखड्यात काही उतार 'नो डेव्हलपमेंट' म्हणून दाखवलेत. व्हाळ नकाशात दाखवलाय का हे बघा. मी असे नकाशे बघितलेत ज्यात सर्व्हे प्लॅनवर व्हाळ आहे आणि लेआउटमध्ये त्याच जागी प्लॉट नंबर अमुक.
हे सगळं पास झालं की प्रोव्हिजनल एनओसी मिळते. मग सनद (जमीन बिगरशेती करायचा आदेश), पंचायतीचा परवाना, रस्ते गटारं करायची, खात्याने जागेवर येऊन बघायचं आणि मग फायनल एनओसी. खरा निर्णय प्रोव्हिजनलला होतो. पंच 'आलं की बघू' म्हणतात तेव्हा लेआउट कधीच ठरलेलं असतं, पंचायतीच्या हातात मग किरकोळ उरतं.
बोलावून विचारतात का? नाही. एकेका लेआउटवर जाहीर सुनावणी आपल्याकडे नाही. आराखडा किंवा ओडीपी बनताना हरकती मागवतात, लेआउट पास करताना नाही. म्हणून स्वतःहून लिहून द्यायचं आणि लवकर द्यायचं.

सालचो वाडो:
वरचं सगळं पटलं. एक भर घालते. आमच्या बाजूला असंच एक लेआउट झालंय, नाव घेत नाही. नकाशात गटार होतं, प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेला नुसती चर मारली आणि पहिल्या पावसात ती भरली. ओपन स्पेस म्हणून जी जागा सोडलीय ती अशी तिरकी घळ आहे की तिथे पोरं खेळायचं राहू दे, उभं राहायचं कठीण. नियमात टक्केवारी बसली, पण वापरायला शून्य. आणि रस्ता कोणाचा यावर अजून भांडण, बिल्डर म्हणतो पंचायतीला दिला, पंचायत म्हणते आम्ही घेतला नाही, रस्त्यावर दिवा लागत नाही. घरं घेतलेली माणसं साधी नोकरदार, त्यांचा काय दोष.
तेव्हा व्हाळाकाठ दादा, तुम्ही नुसतं नको नको म्हणू नका, गटार कुठे निघणार, ओपन स्पेस सपाट जागेवर आहे का, रस्ता ताब्यात कोण घेणार, हे लेखी विचारा.

म्हापसेकर (सध्या कॅलिफोर्निया):
इकडचं सांगतो, तुलना करायला उपयोगी पडेल. इकडे बहुतेक शहरांना प्लॅनिंग कमिशन असतं, सहसा पाच किंवा सात जण, शहरातलेच रहिवासी, कौन्सिलने नेमलेले, पगारी अधिकारी नाहीत. प्लॉट पाडायचे असतील तर सबडिव्हिजन मॅप ॲक्ट लागतो, पाच किंवा जास्त प्लॉट झाले की आधी टेन्टेटिव्ह मॅप आणि शेवटी फायनल मॅप. तुमच्या प्रोव्हिजनल आणि फायनलसारखंच म्हणा. प्लॅनिंग खात्याचे लोक रिपोर्ट लिहितात, त्यात ट्रॅफिक, ड्रेनेज, उतार, झाडं, सगळं येतं, पर्यावरणाचा वेगळा अभ्यास लागत असेल तर तोही, आणि तो रिपोर्ट मीटिंगच्या आधी सगळ्यांना वाचायला मिळतो. अजेंडा ७२ तास आधी लावावाच लागतो. ३०० फुटांच्या आत ज्यांची मालमत्ता आहे त्यांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस जाते.
मी एका सुनावणीला जाऊन बसलो होतो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी फोटो आणले होते, पावसात त्यांच्या मागच्या अंगणात पाणी कुठपर्यंत येतं त्याचे, तारखा टाकलेले. त्यांना बोलायला तीन मिनिटं. त्या कोणावर चिडल्या नाहीत, फोटो दाखवले आणि विचारलं की हे पाणी नव्या रस्त्यामुळे कुठे जाणार. कमिशनने तिथल्या तिथे इंजिनिअरला उभं केलं, आणि मंजुरी देताना अट घातली की पाणी साठवून हळूहळू सोडायची सोय आधी करा, मग पुढे. त्यांच्या आधी बोललेल्या चार जणांनी गावाचं रूप बिघडतंय वगैरे सांगितलं, त्याचा काहीच उपयोग झाला नाही, कारण कमिशनला मनाला येईल म्हणून नाकारता येत नाही, कायद्यात ठरलेली कारणं लिहून द्यावी लागतात, जागा त्या कामाला योग्य नाही, पर्यावरणाला मोठा धोका आहे वगैरे. घरांच्या बाबतीत तर १९८२ पासूनच वेगळा कायदा आहे, नियमात बसणारा प्रकल्प नाकारणं फार अवघड. इकडेही पहिली पायरी चुकली की फायनल मॅपला काही करता येत नाही, अटी पाळल्या असतील तर तो पास करावाच लागतो.
आपल्याकडे सुनावणी नाही हे खरं, पण फोटो आणि तारखा तर आपण काढू शकतो ना. दोन पावसाळ्यांचे असले तर अजून चांगलं.

नेरूळ-बेती:
थोडं वेगळं बोलतो, राग नको. मी इथला, बायको इथली, दोघं नोकरी करतो आणि भाड्याने राहतो कारण सेटलमेंटमधला साधा दोनशे मीटरचा प्लॉट घ्यायची ऐपत नाही. मोपाचा विमानतळ २०२३ ला चालू झाला तेव्हापासून पेडणे-डिचोलीकडे सुद्धा भाव हाताबाहेर गेलेत. गावात लेआउट आलं की सगळे विरोधाला उभे राहतात, मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे? पाण्याचा प्रश्न सोडवा, नक्की सोडवा, पण प्लॉटच नकोत असं म्हणू नका, एवढंच.

सालचो वाडो:
नेरूळ-बेती, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. पण ते चाळीस प्लॉट तुमच्या-माझ्यासाठी असतात का हेही विचारा. आणि घ्यायचाच असेल कोणाला तर फायनल एनओसी बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. सबडिव्हिजन झालेल्या प्लॉटचं सेल डीड रजिस्टर व्हायला टीसीपी कायद्याच्या ४९(६) खाली एनओसी लागते. ती नसेल तर लोक 'अविभाजित हिस्सा' विकतात, म्हणजे कागदावर तुम्ही सगळ्या जमिनीत वाटेकरी आणि जागेवर कुंपण घातलेला तुकडा. पुढे घराचा परवाना मागायला गेलं की डोक्याला हात. ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला रेराची (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते, ते गोवा रेराच्या साईटवर बघता येतं.

व्हाळाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. झोन बघितला, अर्धी जागा सेटलमेंट आणि वरची अर्धी ऑर्चर्ड दाखवलीय, आणि प्लॉट तर वरपर्यंत पाडल्याचं ऐकलंय! ड्राफ्ट्समन भाऊ, आता अर्ज कसा लिहू? आणि फाईल बघायला देतील का? नेरूळ-बेती भाऊ, खाली सपाटीला घरं झाली तर आमचं काही म्हणणं नाही, आमच्याही पोरांना पुढे घरं लागणारच आहेत.

फोंड्याचा ड्राफ्ट्समन:
अर्धी ऑर्चर्ड असेल तर तेच पहिलं लिहा, सर्व्हे नंबर आणि उपविभाग टाकून. वरच्या भागावर प्लॉट दाखवलेत का आणि कुठल्या आदेशाने, एवढा साधा प्रश्न. झोन बदलाची कुठली नोटीस निघालीय का तेही बघा, त्याला मुदत असते.
फाईल बघायला माहिती अधिकारात अर्ज करा, २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नुसत्या प्रती मागू नका, 'फाईलची पाहणी' असं स्पष्ट लिहा, कारण मोठा नकाशा झेरॉक्समध्ये कळत नाही. पाहणीला गेलात की कंटूर प्लॅन आणि लेआउट एकाशेजारी एक ठेवा, व्हाळ शोधा, गटाराचं शेवटचं टोक कुठे सोडलंय ते बघा. ते टोक तुमच्या पाईपाजवळ येत असेल तर त्या पानाची प्रत घ्या.
पण पाहणीची वाट बघत बसू नका, अर्ज आधी द्या, एक तालुका ऑफिसला, एक मुख्य नगर नियोजकांना, एक पंचायतीला, प्रत्येकावर पोचशिक्का. मजकूर एका पानाच्या वर नको. पाईपाचा फोटो, शेतात पाणी शिरल्याचे फोटो, खालच्या शेतकऱ्यांच्या सह्या. मागणी अशी ठेवा की परवानगी द्यायच्या आधी जागेची पाहणी करावी, व्हाळ मोकळा सोडावा, आणि खालच्या रस्त्याचा पाईप मोठा केल्याशिवाय वर मातीकाम करू देऊ नये. ग्रामसभेत ठराव झाला तर तोही जोडा, ग्रामसभेचा ठराव टीसीपीवर बंधनकारक नसला तरी फाईलला लागलेला कागद पुढे कोर्टात गेलात तर उपयोगी पडतो.
आणि चुन्याच्या रेघांचे फोटो पण काढून ठेवा, पहिल्या मोठ्या पावसात त्या जातील. कंटूर वाचता येत नसेल तर नकाशाचा फोटो इथे टाका, नावं झाकून, मी बघतो.