लिव्हरच्या ऑपरेशननंतरचे टक्के: दोन कॅल्क्युलेटर, दोन उत्तरं

ऐरोलीची_लेक
बाबा ६३ वर्षांचे. मार्चमध्ये लिव्हरची ४.५ सेंमीची कॅन्सरची गाठ काढली. जुना हिपॅटायटिस बी. दारू कधीच नाही (हे नातेवाइकांना सांगून सांगून थकले). रिपोर्ट असा: एकच गाठ, मार्जिन क्लिअर (कापलेल्या कडेला कॅन्सर नाही), मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी) आहे, सिऱ्होसिस (लिव्हर कडक होणं) आहे. एएफपी (या कॅन्सरची रक्तातली खूण) आधी ६२०, आता ९. सर्जन म्हणाले, "फॉलोअप चुकवू नका." बस्स. रात्री नेटवर, ऑपरेशननंतर पुढे काय याचा अंदाज देणाऱ्या दोन कॅल्क्युलेटरमध्ये रिपोर्टांतले आकडे भरले. एक म्हणतं पाच वर्षांचे ५८ टक्के, दुसरं ३१. कुठलं खरं धरू?

कळवा_पूर्व
दोन्ही बंद करा आणि झोपा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मीही हेच करत बसलो होतो.

कोपरखैरणे_काका
झोप येत नाही म्हणूनच विचारतेय ना पोर.
मी स्वतः पेशंट, ऑपरेशन २०१९ चं. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे पहिला प्रश्न: किलो की क्विंटल? लिव्हरच्या टेस्टमधलं अल्ब्युमिन आपल्या लॅबमध्ये ३.८ असं येतं, ते डेसीलिटरमागे. बरेच कॅल्क्युलेटर लिटरमागे मागतात, म्हणजे ३८. बिलिरुबिनचंही तेच, आपलं १ म्हणजे तिकडचं १७. तसंच भरलंस तर बाबांचं लिव्हर पार बसलेलं दिसणार.
दुसरं, तो आकडा जगण्याचा आहे की गाठ न परतता जगण्याचा? फार फरक आहे. पाच वर्षांत दहातल्या सातेक जणांना गाठ परत येते. मलाही तिसऱ्या वर्षी आली, १.८ सेंमी. लवकर दिसली म्हणून सुई घालून जाळली. आज सकाळी तुर्भ्याला जाऊन भाजी घेऊन आलो.
रिपोर्टातलं ते इन्व्हेजन हलकं घेऊ नकोस. जुन्या गाठीचं बी रक्तवाहिनीत सांडलेलं असलं तर ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांत उगवतं. त्यानंतर येते ती बऱ्याचदा नवीच गाठ, सिऱ्होसिसच्या जमिनीतून. म्हणून हिपॅटायटिस बी ची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि हे टक्के ऑपरेशनच्या दिवसापासून मोजलेले. दोन वर्षं निभावलेल्या माणसाचा हिशेब नव्याने मांडतात.

ऐरोलीची_लेक
काका, अल्ब्युमिन ३.८ च भरलं होतं! आणि ३१ वालं गाठ न परतण्याचं निघालं. पुन्हा भरलं, दोन्ही वर गेले. किती ते इथे लिहीत नाही.
१४ तारखेला ट्रिपल फेज सीटी (लिव्हरचा तीन टप्प्यांतला स्कॅन) आहे. एएफपी ९ असताना गरज आहे का?

कोपरखैरणे_काका
आहेच. माझ्या दुसऱ्या गाठीच्या वेळी एएफपी ६ होतं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या टेस्टचा) ताजा रिपोर्ट आणि जुन्या सीटीची सीडी बरोबर ने, नाहीतर हेलपाटा पडतो.