मदत हवी आहे : आईसाठी थंडीतले मोजे

नमस्कार. आम्ही निफाडचे. इथे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. आईला १८ वर्षांपासून मधुमेह आहे, पायांना बधिरपणा आलाय. पाय गार पडले की ती शेगडीजवळ बसते आणि माझा जीव खालीवर होतो, कारण चटका बसला तरी तिला कळत नाही. गरम पाण्याची पिशवीही डॉक्टरांनी बंद करायला सांगितली आहे. म्हणून चांगले मोजेच हवेत.

बाजारातून आणलेल्या लोकरी मोज्यांचं इलॅस्टिक इतकं घट्ट की पोटरीवर वळ उठले. शिवाय बोटांपाशी जाड शिवण. तीच घासून मागच्या वर्षी करंगळीला फोड आला, तो भरायला दीड महिना लागला.

सैल काठाचे, आतून शिवण नसलेले, ऊबदार पण घाम टिपणारे मोजे कुणी वापरलेत का? मेरिनो लोकर बरी की जाड सुती? रंग शक्यतो पांढरा हवा, जखम झाली तर डाग लगेच दिसतो. नाशिकमध्ये कुठे मिळतील? धुतल्यावर आटतात का, हेही सांगा. मोजे जाड घेतले तर चप्पलही मोठी घ्यावी लागेल ना?